गर्भातला दाह आणि त्या तीन संध्याकाळी

वाचकाचे पत्र

«मी ३४ वर्षांची आहे आणि मला सध्या नववा आठवडा सुरू आहे. गर्भधारणा ठरवून झालेली नव्हती. चाचणी केली तेव्हा सहावा आठवडा लागला होता. त्याआधी तीन समारंभांत मी वाइन घेतली. पहिल्यांदा शेवटच्या पाळीनंतर दहाव्या दिवशी एक ग्लास, दुसऱ्यांदा चौथ्या आठवड्याच्या अखेरीस एक ग्लास आणि तिसऱ्यांदा पाच आठवडे पूर्ण झाल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, एका संध्याकाळी तीन तासांत चार ग्लास. चाचणी झाल्यापासून एक थेंबही घेतलेला नाही. गेल्या आठवड्यात वाचले की मद्यामुळे भ्रूणाच्या शरीरात आणि मेंदूत दाह निर्माण होतो आणि तो पुढे आयुष्यभर राहतो. तेव्हापासून मला झोप नाही. असा दाह झाला आहे की नाही, हे तपासता येते का? घरात इबुप्रोफेनच्या गोळ्या आहेत. दाह कमी करणारे औषध म्हणून त्या किंवा अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे घेतली तर उपयोग होईल का? डॉक्टरांना मी अद्याप काही सांगितलेले नाही. पतीचे म्हणणे, आता सांगून काय होणार, उगाच त्यांच्या मनात आपल्याविषयी मत तयार होईल.»

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम, त्या इबुप्रोफेनच्या गोळ्यांना हात लावू नका. त्याचे कारण पुढे सांगणारच आहे, परंतु हा मजकूर शेवटपर्यंत वाचण्याआधीच तुम्ही एखादी गोळी घेऊन मोकळ्या व्हाल, अशी धास्ती मला तुमच्या पत्रातल्या सुरावरून वाटली, म्हणून हे आधी लिहिले.

आता दाहाविषयी. हा शब्दच थोडा फसवा आहे. मराठीत दाह म्हटले की आग, जळजळ, पोळणे असे काहीतरी डोळ्यांपुढे येते, आणि आपल्या पोटातल्या इवल्याशा जिवाच्या आत काहीतरी जळते आहे, ही कल्पना कोणत्याही आईची झोप उडवायला पुरेशी आहे. वैद्यकात मात्र दाह म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी धोक्याला दिलेला प्रतिसाद. त्या पेशी जागच्या हलतात, एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, मेलेल्या पेशी उचलून नेतात आणि काम संपले की शांत होतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा ही त्यांतली नेहमी कानावर येणारी नावे. गर्भारपणात हे निरोप एरवीही चालूच असतात. भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो, ती घटनाच मुळी दाहाच्या अंगाने जाणारी आहे. तेव्हा भ्रूणाच्या आसपास दाहाची रसायने असणे हा दोष नव्हे. ती किती आहेत, कधी आहेत आणि किती काळ टिकतात, यावर सारे अवलंबून असते.

ज्या पेशींबद्दल तुम्ही वाचले, त्या मायक्रोग्लिया. मेंदूच्या या पहारेकरी पेशींचा जन्म मेंदूत होत नाही. भ्रूणाला सुरुवातीला जोडलेली एक लहान पिशवी असते, पीतक कोश, आणि अस्थिमज्जा तयार होण्याच्या कितीतरी आधी, फलनानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तिथे या पेशींचे पूर्वज तयार होतात. तिथून प्रवास करून त्या चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून घडत्या मेंदूत शिरतात आणि तिथेच कायमचे बिऱ्हाड करतात. घडणाऱ्या मेंदूत त्यांना पहाऱ्यापेक्षा घडवणुकीचेच काम अधिक असते. मेंदूत आधी गरजेपेक्षा जास्त पेशी आणि जास्त जोडण्या तयार होतात व मग त्यांची छाटणी होते. ती छाटणी आणि साफसफाई मोठ्या प्रमाणावर मायक्रोग्लियाच करतात.

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत झेब्राफिश या माशाचे भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची संधी मला मिळाली होती. हा भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो, म्हणूनच अशा अभ्यासासाठी त्याचा एवढा वापर होतो. जेमतेम दीड दिवसाचा तो जीव, हृदय धडधडताना स्पष्ट दिसत होते, आणि बलकाच्या गोळ्यावरून एक लहानशी पेशी अंग चोरत, बोटासारखे पुढे आलेले टोक इकडेतिकडे चाचपडत, डोक्याच्या दिशेने सरकत होती. थोड्या वेळाने ती एका चमकदार कणाला भिडली आणि तिने तो गिळला. तो कण म्हणजे मेलेली पेशी होती. त्या भ्रूणाला कोणीही मद्य दिलेले नव्हते. ही रोजची झाडलोट होती. मद्याचा प्रश्न कुठे येतो, हे समजण्यासाठी तो प्रसंग मला नेहमी आठवतो: मद्य नवे कामगार आणत नाही, हेच कामगार नको तेव्हा आणि नको तितके कामाला लावते.

ते कसे, हे थोडे सविस्तर सांगते. मद्यातला इथेनॉल हा अतिशय लहान रेणू आहे. पाण्यात मिसळतो आणि पेशींच्या आवरणातूनही सहज पार जातो. त्यामुळे वार (प्लॅसेंटा) त्याला अडवू शकत नाही. वार पूर्ण काम करू लागल्यावर आईने घेतलेल्या मद्याचे प्रमाण गर्भाच्या रक्तात तासा-दोन तासांत आईच्या रक्ताइतकेच होते. वार तयार होण्याआधीच्या दिवसांतही भ्रूण आईच्या शरीरातल्या द्रवांतच असतो, त्यामुळे तेव्हाही तो मद्यापासून दूर नसतो. मोठ्या माणसाचे यकृत हे विष मोडून काढते; सुरुवातीच्या आठवड्यांत भ्रूणाच्या यकृताचा जेमतेम कोंब फुटलेला असतो. आईचे यकृत जसजसे मद्य मोडेल, तसतसेच ते भ्रूणातून कमी होते, त्याला स्वतःचा वेगळा मार्ग जवळपास नाहीच.

मद्य मोडताना ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. या आक्रमक रेणूंना निकामी करणारी विकरे (एन्झाइम) भ्रूणाच्या पेशींत कमी असतात, आणि काही पेशी तर विशेष हळव्या असतात. चेहऱ्याची हाडे, कवटीतील काही चेता आणि हृदयाचे काही भाग ज्यांच्यापासून घडतात, त्या स्थलांतर करणाऱ्या पेशींचा, ज्यांना मज्जाशिखेच्या पेशी म्हणतात, यात पहिला क्रमांक लागतो. त्या मोठ्या संख्येने मेल्या, की झाडलोट करणाऱ्या पेशींना अचानक भरमसाट काम येते आणि निरोपांचा गलका वाढतो. हा झाला एक रस्ता.

दुसरा रस्ता मला अधिक विलक्षण वाटतो. रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ नावाचा एक ग्राही असतो. विशिष्ट जिवाणूंच्या आवरणातला विषारी घटक ओळखणे आणि धोक्याची घंटा वाजवणे, हे त्याचे नेमून दिलेले काम. मद्याच्या उपस्थितीत कोणताही जिवाणू नसताना ही घंटा वाजते. पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हा कळीचा प्रथिन-संच जागा होतो आणि दाहाच्या सायटोकाइनांचे उत्पादन सुरू होते. थोडक्यात, चोर आलेला नसताना गावभर दवंडी पिटली जाते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील संशोधकांनी गरोदर उंदरिणींना मद्य दिले, तेव्हा गर्भाच्या मेंदूत दाहाचे रेणू वाढलेले आणि चेतातंतूंवरील आवरणाची व जोडण्यांची प्रथिने घटलेली आढळली. ज्या उंदरांत टीएलआर-४चे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्यात हे परिणाम बहुतांशी टळले. दाह हा नुकसानीचा नुसता सोबती नसून नुकसानीचे एक कारणही आहे, असे मानायला या प्रयोगाने बळ मिळाले, आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत बोलका पुरावा आहे.

तिसरा रस्ता आईच्या बाजूने येतो. जास्त मद्यपानाने आतड्याचे अस्तर सैल होते, तिथल्या जिवाणूंचे विषारी घटक रक्तात झिरपतात, आईच्या शरीरात दाह वाढतो आणि वारेतल्या रोगप्रतिकारक पेशीही त्यात सामील होतात. हा रस्ता प्रामुख्याने वारंवार आणि भरपूर पिणाऱ्यांच्या बाबतीत मोठा ठरतो. तुमच्या संदर्भात त्याचे महत्त्व कमी आहे.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण तुम्ही जे वाचले त्यात ती बहुधा नसावी. यातले बहुतेक प्रयोग उंदीर, घुशी आणि मासे यांच्यावर झालेले आहेत आणि त्यांत दिलेली मद्याची मात्रा अनेकदा मोठी, काही वेळा रोजची असते. शिवाय, मोठ्या मेंदूतली शांत मायक्रोग्लिया फांद्याफांद्यांची असते आणि चेतवली गेली की गोलसर होते, या फरकावरून दाह ओळखला जातो. भ्रूणात मात्र ती मुळातच गोलसर असते, त्यामुळे तिथे नुसत्या आकारावरून दाह झाल्याचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. माणसांतला पुरावा अप्रत्यक्ष आहे. युक्रेनमधील गर्भवतींच्या रक्ताच्या अभ्यासात मद्य घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये सायटोकाइनांच्या परस्परसंबंधांची घडण वेगळी आढळली, आणि त्या घडणीचा मुलांच्या विकासाशी काही मेळ दिसला. दिशा तीच आहे, एवढे यावरून म्हणता येते. मात्र अमुक इतक्या वाइनने अमुक इतका दाह, असे कोष्टक त्यातून मांडता येत नाही.

«आयुष्यभर राहतो» या वाक्याचे मूळ कशात आहे, तेही सांगते. मायक्रोग्लिया दीर्घायुषी असतात आणि रक्तातून नवी भरती न होता आपल्यातूनच नव्या पेशी निर्माण करत राहतात. लहान वयात एकदा जोरात चेतवल्या गेलेल्या या पेशी पुढच्या प्रसंगी गरजेपेक्षा तीव्र प्रतिसाद देऊ शकतात. गर्भात मद्य मिळालेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांना मोठेपणी सांधे सुजवणारे इंजेक्शन दिले, तेव्हा त्यांच्या घोट्यांची सूज इतरांपेक्षा अधिक तीव्र होती आणि ती उतरायलाही जास्त वेळ लागला. याचा अर्थ जन्मभर आतल्या आत काहीतरी धुमसत राहते असा नाही. प्रतिसादाची सवय बदललेली असू शकते, असा आहे. आणि हे निष्कर्ष गर्भारपणाच्या मोठ्या भागात सातत्याने मद्य मिळालेल्या प्राण्यांचे आहेत.

आता तुमच्या तीन संध्याकाळी. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, तर फलन त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. हा दोन आठवड्यांचा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेक जणी विनाकारण घाबरतात आणि काही जणी विनाकारण निश्चिंत होतात. तुमचा पहिला ग्लास पाळीनंतर दहाव्या दिवशीचा आहे. तुमची पाळी नियमित असेल तर तेव्हा फलनच झालेले नव्हते आणि ते मद्य काही तासांत तुमच्या शरीरातून निघूनही गेले होते. तो हिशेबातून वगळा. दुसरा ग्लास चौथ्या आठवड्याच्या अखेरचा, म्हणजे फलनानंतर सुमारे दोन आठवड्यांचा. भ्रूण तेव्हा नुकताच रुजलेला असतो आणि त्याचे अवयव घडायला अजून सुरुवात व्हायची असते. एक ग्लास वाइन शरीरातून जायला साधारण दीड-दोन तास लागतात आणि रक्तातली पातळी फारशी चढत नाही. तो ग्लास झाला नसता तर बरे, यापलीकडे त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

तिसऱ्या संध्याकाळीविषयी तुमच्याशी खरे बोलायला हवे. पाच आठवडे आणि दोन-तीन दिवस म्हणजे फलनानंतर २३-२४वा दिवस. हृदय साधारण २२व्या दिवशी ठोके देऊ लागते, पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी मज्जानलिका २८व्या दिवसापर्यंत बंद होते, मज्जाशिखेच्या पेशी आपल्या प्रवासाला निघालेल्या असतात. याच्या किंचित आधीचा, फलनानंतरच्या तिसऱ्या आठवड्याचा काळ उंदरांमध्ये फार बारकाईने अभ्यासला गेला आहे. १९८१ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या कॅथलीन सुलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपणाच्या सातव्या दिवशी उंदरिणींना मद्याच्या दोन मात्रा दिल्या. माणसाच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या त्या एका दिवसाच्या मद्याने पिल्लांच्या चेहऱ्यात आणि मेंदूत ठळक बदल दिसले. काही तासांत चार ग्लास, ही मात्रा स्त्रियांच्या बाबतीत एका बैठकीतले अतिरिक्त मद्यपान म्हणून गणली जाते, आणि भ्रूणाच्या दृष्टीने महिन्याच्या एकूण बेरजेपेक्षा अशा एका बैठकीत रक्तातली पातळी किती उंच गेली, याला फार महत्त्व असते. तुमच्या शरीरातून ते मद्य पूर्णपणे जायला पाच-सहा तास किंवा त्याहून थोडे अधिक लागले असतील. तेवढ्या वेळात काहीच झाले नाही, असे शपथेवर सांगणे मला शक्य नाही. नुकसान झालेच असेल, असे म्हणायलाही आधार नाही.

माणसांच्या अभ्यासांकडे पाहिले तर चित्र असे आहे. १९६८ साली फ्रान्समधील नान्त येथे पॉल लमोआन यांनी मद्याच्या आहारी गेलेल्या पालकांच्या १२७ मुलांचे वर्णन केले. १९७३ साली अमेरिकेतील सिएटलमध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या विकाराला नाव दिले, गर्भ मद्य सिंड्रोम. वरच्या ओठावरची उभी खोबण सपाट होणे, वरचा ओठ पातळ असणे, डोळ्यांची फट आखूड असणे, वाढ खुंटणे आणि मेंदूच्या कार्यात दोष, ही त्याची लक्षणे. त्या मुलांच्या माता दीर्घकाळ आणि भरपूर पिणाऱ्या होत्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार गर्भारपणात मद्य घेणाऱ्या सुमारे ६७ स्त्रियांमागे एकीच्या मुलात हा पूर्ण विकार दिसतो, आणि सौम्य-तीव्र अशा सगळ्या प्रकारांचा मिळून विचार केला तर हे प्रमाण सुमारे १३ स्त्रियांमागे एक एवढे होते. या आकड्यांत रोज पिणाऱ्याही आहेत आणि एखाद्या संध्याकाळी घेणाऱ्याही, त्यामुळे ते जसेच्या तसे स्वतःला लावू नका. तुमच्यासारख्या स्त्रियांविषयी बोलणारे दोन अभ्यास मला जास्त उपयोगाचे वाटतात. डेन्मार्कमध्ये सुमारे १,६०० मातांच्या पाच वर्षांच्या मुलांची बौद्धिक चाचणी झाली. गर्भारपणाच्या सुरुवातीला एखाद-दोनदा अतिरिक्त मद्यपान झालेल्या मातांच्या मुलांत लक्षणीय घट आढळली नाही. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१७ साली ऑस्ट्रेलियातील ४१५ मुलांच्या चेहऱ्यांच्या त्रिमितीय मोजमापात मात्र अल्प मद्यपानानंतरही नाक, ओठ आणि डोळ्यांभोवती अतिशय सूक्ष्म फरक दिसले. ते नुसत्या डोळ्यांना कळणारे नव्हते आणि त्या फरकांचा मुलांच्या आरोग्याशी काही संबंध आहे की नाही, हे त्या अभ्यासातून ठरले नाही. एक अभ्यास दिलासा देतो, दुसरा सुरक्षित मात्रा ठरवू देत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, आणि म्हणूनच डॉक्टर शून्य हा आकडा सांगतात.

तुमचा पहिला प्रश्न तपासणीचा होता. भ्रूणात दाह झाला होता की नाही, हे सांगणारी कोणतीही चाचणी उपलब्ध नाही. तुमच्या रक्तातले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन मोजून उपयोग नाही. ते तुमच्या शरीरातल्या आजच्या दाहाविषयी बोलते, आणि साध्या सर्दीनेही वाढू शकते. कोणी पैसे घेऊन अशी तपासणी सुचवत असेल तर नम्रपणे नकार द्या. पाचव्या महिन्याच्या आसपास होणारी सविस्तर सोनोग्राफी मात्र जरूर करा. हृदयाची रचना, पाठीचा कणा, ओठ आणि टाळू यांतले ठळक दोष तिच्यात दिसू शकतात, आणि तिसऱ्या संध्याकाळीची वेळ पाहता हृदय आणि कणा नीट पाहायला सांगणे योग्यच ठरेल. ती सोनोग्राफी सामान्य आली तर तो दिलासा खरा माना. मात्र लक्ष, स्मरण, वर्तन यांविषयी ती काही सांगत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा प्रश्न औषधांचा. इबुप्रोफेन ज्या विकरांना रोखते, त्यांचा टीएलआर-४च्या त्या घंटेशी थेट संबंध नाही. शिवाय तीनेक आठवड्यांपूर्वी वाजून थांबलेली घंटा आजच्या गोळीने बंद कशी होणार? नुकसान करण्याची क्षमता मात्र त्या गोळीत आहे. गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर या वर्गातली औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. आणखी पुढच्या आठवड्यांत गर्भाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी त्यांच्यामुळे वेळेआधी आकुंचित होण्याचा धोका असतो. त्याआधीच्या आठवड्यांतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नसतात. पिल्लांना पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध देऊन मायक्रोग्लिया शांत करण्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत आणि त्यात काही यशही आले आहे, पण तो प्रयोगशाळेचा मामला आहे.

जीवनसत्त्वांचीही तीच गोष्ट. अँटिऑक्सिडंट हा शब्द निरुपद्रवी वाटतो, परंतु ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० गर्भवतींवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी अपेक्षित फायदा तर झाला नाहीच, उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. ती चाचणी वेगळ्या विकारासाठी होती, तरी मोठ्या मात्रा गर्भारपणात आपणहून घेऊ नयेत, एवढा धडा त्यातून पुरेसा मिळतो. कोलीन या पोषकद्रव्याविषयी आशा वाटावी असे काम झाले आहे: दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनमध्ये भरपूर मद्य घेणाऱ्या गर्भवतींना रोज २ ग्रॅम कोलीन दिले गेले, तेव्हा त्यांच्या बाळांच्या मागे पडलेल्या वजनाची भरपाई आणि दृश्य स्मृती तुलनेने चांगली आढळली. पण तो गट ७०हूनही कमी स्त्रियांचा होता, आणि त्यांची परिस्थिती तुमच्यापेक्षा फार निराळी होती. आहारातून कोलीन पुरेसे मिळते का, हे डॉक्टरांना विचारा. मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. फॉलिक ॲसिड चालू असेलच, नसेल तर आजच त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

मग तुमच्या हातात काय उरते? बरेच काही, आणि त्यातला सर्वांत मोठा भाग तुम्ही आधीच केलेला आहे. मेंदू पहिल्या दोन महिन्यांत घडून संपत नाही. लहान मेंदू आणि मोठ्या मेंदूचे बाह्यपटल शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढतात, जोडण्यांचे जाळे विणले जाते, मायक्रोग्लियांची छाटणी ऐन भरात असते. तुम्ही मद्य बंद केल्यामुळे हा सारा काळ त्यापासून मुक्त जाणार आहे. सुरुवातीला थांबलेल्या मातांच्या मुलांना शेवटपर्यंत पीत राहिलेल्यांच्या मुलांपेक्षा खूपच कमी त्रास होतो, याबद्दल संशोधकांत दुमत नाही. हे वाचणाऱ्या एखादीला मद्य सोडणे जड जात असेल किंवा ती रोज भरपूर घेत असेल, तर तिने एकदम न तोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे; अचानक तोडल्याने येणारे झटके आई आणि गर्भ दोघांनाही घातक ठरू शकतात. तुमच्या बाबतीत हा प्रश्न दिसत नाही. धूम्रपान असेल तर तेही थांबवा, आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग झाल्यास अंगावर काढू नका. आईच्या शरीरातला उपचार करण्याजोगा दाह वेळेवर आटोक्यात आणणे, ही दाहासंबंधी तुम्हाला खरोखर करता येण्याजोगी गोष्ट आहे.

राहता राहिला डॉक्टरांना सांगण्याचा मुद्दा. इथे तुमच्या पतींशी मी सहमत नाही. त्यांची काळजी मी समजू शकते. स्त्रीच्या मद्यपानाविषयी लोकांच्या कपाळाला आठ्या लवकर पडतात, आणि काही डॉक्टरही त्याला अपवाद नसतात. तरीही सांगावे, कारण त्याचे दोन थेट उपयोग आहेत. सोनोग्राफी करणाऱ्याला कुठे अधिक वेळ द्यायचा, हे कळते. आणि पुढे चार-पाच वर्षांनी मुलाला लक्ष लागण्यात, आकडेमोडीत किंवा राग आवरण्यात अडचण आलीच, तर बालरोगतज्ज्ञाला योग्य दिशेने विचार करता येतो. गर्भातल्या मद्यामुळे होणाऱ्या विकारांच्या बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर कोणतीही खूण नसते, त्यामुळे गर्भारपणातली नोंद हाच पुष्कळदा एकमेव धागा असतो. ती नसेल तर मूल वर्षानुवर्षे हट्टी किंवा आळशी ठरवले जाते. जगातल्या जवळपास निम्म्या गर्भधारणा न ठरवता झालेल्या असतात. चाचणीआधी घेतलेले मद्य ही कोणत्याही अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञासाठी नित्याची माहिती आहे. समोरच्या व्यक्तीने तोंड वाकडे केलेच, तर डॉक्टर बदला, माहिती बदलू नका.

कसे सांगायचे, हे सुचत नसेल तर जसे मला लिहिले तसेच सांगा. तीन तारखा, प्रत्येकीसमोर ग्लासांची संख्या आणि किती वेळात घेतले ते, एका कागदावर लिहा; पाळीची तारीख वर टाका. तो कागद पुढच्या भेटीत टेबलावर ठेवा आणि «हे माझ्या फाइलमध्ये नोंदवा» एवढेच म्हणा. त्यांनी नोंदवल्यावर सोनोग्राफीची तारीख मागून घ्या.